सीब्रेनच्या केबिनचा पडदा

डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत बॅक्टेरियांच्या विभागाचा प्रमुख असलेल्या सीब्रेनला दोन गोष्टी जिवापाड प्रिय: माणसामाणसांतली समानता आणि स्वतःच्या केबिनचं दार. बाहेर सगळे त्याला अरेतुरे करत. आत मात्र कुणी टकटक केल्याशिवाय येत नसे, कारण पाव-चीज खाऊन झालं की तो टेबलावर पाय टाकून मस्त घोरे.

मजला नव्याने बांधायचा निघाला तेव्हा त्याने फळ्यावर दोन चित्रं काढली.

"ही यीस्टची पेशी. केंद्रकाला पडदा, ऊर्जेच्या भट्टीला पडदा, माल पाठवणाऱ्या खात्यालाही पडदाच. नुसती सरकारी कचेरी! आणि हा आपला बॅक्टेरिया. बाहेरून भक्कम भिंत, आत सगळा एकच हॉल. डीएनएवरून हुकूम पुरता लिहूनही होत नाही, तोवर रायबोसोम त्याला चिकटून प्रथिनं बनवायला लागतात! तेव्हा आतल्या भिंती पाडू."

त्याचा हिशेब साधा होता. इथे खुर्ची हलवायची तरी सहा बैठका होतात. लोक वाद घालतील, मग तडजोड होईल, तडजोडीत केबिन वाचेल आणि उदारपणाचं नाव पदरात पडेल. पण कधी नव्हे ते सगळ्यांचं लगेच एकमत झालं.

"झकास!" हिस्के म्हणाली. काचसामान तीच सांभाळायची. "मग केंद्रकही गेलं."

"म्हणजे?"

"तुझी केबिन रे! बॅक्टेरियात कुठलं केंद्रक?"

"अगं, पण गोपनीय कागद..."

"डीएनएसुद्धा उघड्यावरच असतो," एव्हर्टने पाव चावता चावता सांगितलं. हा सीब्रेनचा सगळ्यात जुना सहकारी. "तुझंच चित्र आहे, बाबा. चुकलं असेल तर पूस."

सीब्रेनने डस्टर उचललं आणि परत ठेवलं. खोटं चित्र काढायला हात धजेना.

भिंती पडल्या. महिन्याभरात त्याच्या टेबलाभोवती फिकसच्या कुंड्या जमू लागल्या.

"पडदा लावतोस होय रे?" हिस्केने हटकलं.

"छे गं! डीएनए मोकळा असला तरी वाट्टेल तिथे सांडत नाही. एका जागी गोळा होऊन राहतो. हा तोच भाग."

"बरं बरं. फटी मात्र ठेव."

त्या दुपारी फिकसच्या फटीतून त्याचे मोजे दिसले, मग घोरणं ऐकू आलं. "हळू, डीएनए झोपलाय," एव्हर्ट कुजबुजला.

सीब्रेन जागा झाला तेव्हा विभागाचं काम बिनबोभाट चाललं होतं. कुणी त्याला काही विचारायला आलं नव्हतं. केबिन गेल्याचं दुःख त्याने केव्हाच गिळलं होतं. हे मात्र घशाखाली उतरेना.