गोटीरामचे शंभरापैकी मार्क

करावे गावात कोणी पेपरातली परदेशाची बातमी वाचली, की ती शेवटी गोटीरामच्या ओट्यावर यायची.

"गोटीदादा, जपानला किती?"

"नव्वद," तोंडातली विडी न काढताच निकाल.

"आनि हॅम्बुर्ग?"

"सत्तर. येक दारुडा माज्यावर वराडला, नायतर ऐंशी दिलं असतं."

बावीस वर्षं गोटीराम बोटीवर भंडारी होता, खलाशांना भात-कालवण रांधून घालायचा. बोट बंदराला लागली की चार तास सुट्टी. त्या चार तासांत त्यानं जग किती शांत ते तपासलं. पद्धत स्वतःची, मासे विकणाऱ्या बाईचा नवरा म्हणून सुचलेली. दिवेलागणीनंतर बाजारातून एकटी घरी निघालेली बाई हेरायची आणि मोजायचं, ती कितीदा मागं वळून बघते. दर वळण्याला दहा मार्क कट. एका बाईवरून अख्खा देश! कोणी शंका काढलीच तर म्हणायचा, "तू गेल्तास काय तथं?" संपलं.

त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत मात्र घरातच निकाल लावायची वेळ आली. एकुलता एक हितेश, तळोज्याला वेल्डर, त्याला मस्कतचा व्हिसा आला. त्याच्या आईनं, गोजरानं, अट घातली, "तुजा बापूस बोलंल तो देश शांत हाय, तरच जाशील."

गोटीरामनं पोराकडं बघितलं. मग छताकडं. "मस्कत... चालीस."

"काय बाबा!" हितेश उसळला. "गणपतीत सगळ्यांसमोर नव्वद दिलेले. पन्नास मार्क गेले कुठं?"

"त्या बाईनं नंतर वलून बगलं."

"नंतर? वीस वर्षांनी?"

पोरगं जाऊ नये असं गोजरालाही वाटत होतं. गप्प बसली असती तर काम झालं असतं. पण समोर कोणी खोटं माप टाकलं की तिला राहवत नसे. तिनं विळी बाजूला सारली.

"आनि आपल्याला किती ओ?"

"आपला देश. त्याला कसली परीक्षा? शंभर!"

"गेल्या महिन्यात मुंबई पेटली, तवा धा दिस माजी मासलीची पाटी कोनी लपवली? तुमीच ना? आनि काल सांजच्याला बेलापूरवरशी येताना मी किती वेला मागं बगलं, म्हाईत हाय?"

गोटीरामची विडी विझली. साऱ्या बंदरांतल्या बाया त्यानं मोजल्या होत्या, ही सोडून.

"किती?" त्यानं हळूच विचारलं.

"मोजलं नाय. मान दुकतंय अजून."

मग गोटीराम खाकरला. "मस्कत नव्वद. जा, हितेश."

गोजरानं पदर डोळ्यांना लावला. पण अट तिचीच होती.

दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर ती रिकामी पाटी घेऊन बेलापूरहून निघाली. पन्नास पावलं मागं, एकेका खांबाआड थांबत, गोटीराम. रस्त्याचं पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिनं मान हलवली नाही. त्याला वाटलं, जमतंय! आणि तेवढ्यात ती गर्रकन वळली.

"अगं, धा मार्क गेले!" तो खांबाआडून ओरडला.

"तुमालाच बगतंय! कवापासून फटफट चपला वाजतान मागं. या म्होरं, पाटी घ्या."