टकटक थांबेना

गडबड्या जादूगाराची पुस्तकं लिहायचे भाऊजी, आणि ती टाइप करायच्या त्यांच्या वहिनी. या जादूगाराने राजाला शिंगं आणली, प्रधानाला छताला चिकटवलं, तरी वाचक दर वर्षी नवा भाग मागतच राहिले. विनोद जमला की नाही, याचा निकाल मात्र वहिनींच्या टाइपरायटरवर लागायचा. हसू आलं की त्यांची बोटं थांबत. टकटक थांबली की पलीकडच्या खोलीत कान टवकारून बसलेल्या भाऊजींची कळी खुले. वहिनींना हे केव्हाच कळलं होतं. एक भाग अगदीच पडेल निघाला, तेव्हा बिचाऱ्याची दया येऊन त्या चार-पाच ठिकाणी मुद्दाम थांबल्या होत्या.

यंदा भाऊजींच्या मनाने काय घेतलं कोण जाणे, त्यांनी मुलांसाठी भाग लिहिला. जादूगार पहिल्याच पानावर एक चूक करून गायब! त्या चुकीने राक्षसाचं पोर शेंगदाण्याएवढं होतं, आणि एक मुलगी त्याला खिशात घालून त्याच्या आईकडे पोचवायला निघते. सकाळी टायपिंगला बसलेल्या वहिनी समोरचा चहा विसरल्या.

दुपारी भाऊजी दारात येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला, हातात चुरगळलेलं शेवटचं पान.

“राहू द्या, वहिनी. फसलंय हे. टाका सगळं केराच्या टोपलीत.”

“का बरं?”

“एकदाही थांबला नाहीत तुम्ही.”

वहिनींचा पारा चढला. “थांबू कशी? त्या पोरीच्या खिशाला भोक आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवलंत! ती नदी काय ओलांडते, झाडावर काय चढते, अन् माझा जीव इथे टांगणीला. हसायला उसंत दिलीत का मेली? आणा ते पान इकडे.”

भाऊजींनी पान दिलं. वहिनींनी ते तळहाताने सपाट केलं, कोरा कागद चढवला. या वेळी भाऊजी पलीकडे गेले नाहीत.

मुलगी राक्षसाच्या घरी पोचली. खिशात हात घातला. खिसा रिकामा! वहिनींनी ओठ चावला, पण बोटं धावतच होती. राक्षसीण रडू लागली. इतक्यात मुलीच्या मोज्यातून बारीक आवाज आला, ‘आई गं, हिने मोजे धुतलेलेच नाहीत!’

टकटक थांबली.

वहिनी हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसल्या. भाऊजी दारात हरखून उभे होते. शेवटची ओळ त्या दिवशी टाइप झालीच नाही.