भुवयांच्या मधोमध

सईला शिकवायला येणाऱ्या बाई आज भलत्याच खूश होत्या. "आजी, पाहिलंत ना? चक्क माझ्या डोळ्यांत बघून बोलली!"

मी पाहिलं होतं. माझी नात त्यांच्या डोळ्यांत नाही, टिकलीकडे बघत होती.

सईला ऑटिझम आहे, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या वेळी त्याला नुसतं 'विचित्र' म्हणत. मला बघायला आले तेव्हा मी मान वर केली नाही, तर पाहुणे विरघळले, "काय मर्यादशील मुलगी!" लग्नानंतर तीच मान सासूबाईंना खुपायला लागली. "बोलताना तोंडाकडे बघत नाही. शिष्ट कुठली!" मग मी मोठी हुशारी करून एक युक्ती काढली, समोरच्या बाईच्या कुंकवाकडे बघायचं. बायकांना वाटे, हिला आपलं केवढं कौतुक! समोर विधवा आली की मात्र या शहाणीची पंचाईत. आणि पुरुष तर सगळेच बिनकुंकवाचे. नवऱ्याच्या शर्टाच्या वरच्या बटणाशी मी जन्मभर संसार केला. त्याचे डोळे काळे होते की घारे, मला आजही सांगता येणार नाही. दिवसभर चेहरा सांभाळून संध्याकाळी जबडा ठणकायचा, तो वेगळाच.

बाई गेल्या. सई उशीत तोंड खुपसून पडली. सून आनंदाने म्हणाली, "आई, आपली सई अगदी चारचौघींसारखी होणार बघा."

"होईल की. मी नाही का झाले?"

सून खळखळून हसली. तिला वाटलं, म्हातारीला पुन्हा थट्टा सुचली.