अण्णांच्या मूळव्याधीचं पत्रक

ताडकळसच्या पावणेतीनशे माणसांना एकाच बाजाराच्या दिवशी मूळव्याध झाली आणि ती माझ्यामुळे झाली.

खरी मूळव्याध होती एकट्या अण्णांना. अण्णा म्हणजे माझे वडील, गावातल्या झेडपीच्या शाळेचे गुरुजी. त्यांचा दरारा असा, की ते रस्त्याने निघाले की पोरंच काय, पोरांचे बापही बिडी पाठीमागे लपवायचे (बापही त्यांच्याच छडीखालून गेलेले!). अशा माणसाने आपलं दुखणं नेमकं कुठे आहे हे गावाला कसं सांगावं? अण्णांनी परभणीला जाऊन गुपचूप ऑपरेशन करून घेतलं आणि गावात सांगितलं, "ट्रेनिंगला गेलतो." परत आल्यावर वर्गात खुर्चीवर बसेनात. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "उभं राहून शिकवायची नवी पद्धत आलीय." शेजारच्या वर्गावरचे मास्तर तीन दिवस त्या नव्या पद्धतीने शिकवून पाय सुजवून घरी बसले.

ऑपरेशनचा खर्च सरकारकडून परत मिळायचा होता. त्यासाठी अर्ज हवा, तोही तीन प्रतींत. परभणीच्या ऑफिसातले छापील अर्ज संपलेले. "नमुन्याप्रमाणे कोऱ्या कागदावर लिहून आणा," असा हुकूम. अण्णांनी कार्बन घालून लिहिला, तर तिसरी प्रत दिसत नाही म्हणून परत! तिन्ही हाताने लिहिल्या, तर एकीत खाडाखोड आहे म्हणून परत! मार्च संपत आलेला. इन्कम टॅक्सच्या कागदासाठी उत्पन्नाची बेरीज तर सात वेळा करून झाली होती आणि सातही वेळा ती वेगळी आली होती. बाजाराच्या दिवशीच शेवटची तारीख होती. ती चुकली की खर्च बुडाला.

"आणा इकडं," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय सरकारी अर्जातलं?"

"अण्णा, अख्ख्या मराठवाड्याच्या मागण्या मी लिहिते. तुमची तर एकच हाय!"

हे खोटं नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीचे दिवस होते. मी वीस वर्षांची होते आणि पत्रकांवर वाढले होते. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला 'जाहीर निषेध' लिहिता यायचं. आमच्या गटाची सगळी पत्रकं माझ्या हातची असायची.

"पण बाहेर नाव जाता कामा न्हाई," अण्णा म्हणाले.

"सरकारी अर्ज कोन वाचतंय, अण्णा?"

(हे वाक्य आठवलं की मी अजून कुणाशी तरी भांडायला लागते.)

तीन सारख्या, स्वच्छ प्रती हव्यात म्हटल्यावर मला एकच उपाय सुचला. आमच्यातल्याच काशिनाथच्या सायकल दुकानात मागच्या बाजूला आमच्या गटाचं सायक्लोस्टाईल मशीन होतं. मेणाच्या कागदावर लोखंडी लेखणीने लिहायचं, तो कागद मशीनवर चढवायचा, दांडा फिरवायचा. शेवटची प्रतसुद्धा पहिलीइतकीच ठसठशीत! बाजाराच्या आदल्या दिवशी मी तिथे मांडी घालून बसले.

सुरुवातच चुकली. हाताला सवय अशी, की वर मथळा आल्याशिवाय लेखणी पुढे सरकेना. म्हणून ठळक अक्षरांत लिहिलं: 'औषधपाण्याचा खर्च परत मिळालाच पाहिजे!' अर्जदाराच्या नावाची जागा अण्णांनी सहीबरोबर भरावी म्हणून कोरी सोडली. पुढचा रकाना आजाराच्या नावाचा. तत्त्वाला जागून खरं तेच लिहिलं. मग आजाराचं कारण. तिथे मी पेटले. 'वीस वर्षे एका शिक्षकाला तीन पायांच्या खुर्चीवर बसवणारी बेपर्वा व्यवस्था!' अवलंबून असलेल्या व्यक्तींच्या रकान्यात अण्णांनी नमुन्यात 'पत्नी, मुलगी' लिहिलं होतं. मला ते पटेना. माय पहाटेपासून राबते, ती अवलंबून कशी? मी लिहिलं, 'पत्नी कुणावर अवलंबून नसून अर्जदारच पत्नीवर अवलंबून आहे.' स्वतःपुढे लिहिलं, 'मुलगी, स्वावलंबी.' (कॉलेजला जायचं एसटीचं भाडं त्याच सकाळी अण्णांकडून घेतलं होतं!) शेवटी सहीसाठी रेघ, तिच्याखाली 'सही अथवा अंगठा.'

कागद संपले होते, ते सकाळी येणार होते. मी मेणकागद मशीनवर चढवून ठेवला. सकाळी येऊन तीन प्रती ओढायच्या, अण्णांची सही घ्यायची, दुपारच्या एसटीने परभणी गाठायची, असा बेत केला आणि घरी गेले.

एक गोष्ट विसरले. दर बाजाराच्या दिवशी मशीनवर जे चढवलेलं असेल ते काशिनाथ छापायचा आणि गट ते बाजारात वाटायचा. सहा महिने हेच चाललं होतं. काशिनाथ पत्रक कधीच वाचायचा नाही. त्याचं तत्त्व होतं, "पत्रक जनतेनं वाचायचं, आपन वाटायचं."

सकाळी मायने मला दळणाला पिटाळलं. गिरणीवर नंबर आला आणि लाईट गेली. ज्वारीचं पीठ घेऊन दुकानात पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. मशीनवर मेणकागद होता. त्याखाली शाई होती. कागद मात्र एकही नव्हता!

मी तशीच, डोक्यावर पीठ घेऊन, बाजारात पळाले. वेशीतच हळद विकणारी एक म्हातारी दिसली. तिचा अंगठा निळा झालेला.

"बाई, मी केला बरं का अंगठा. तीन पायाची खुर्ची म्हंजी गुरुजीच की, लय दुखायलंय म्हनं!"

"काय दुखायलंय ते तुमाला कुठं कळलं, आजी?"

"मला कुठं वाचता येतंय? त्या मिरचीवाल्यानं मोठ्यानं वाचून दाखिवलं. दोनदा!"

पुढे भजीवाला अण्णांच्या अर्जात भजी बांधून देत होता. तेलाचा डाग बरोबर आजाराच्या नावावर पडला होता आणि त्यामुळे ते जास्तच चमकत होतं. पिंगळीहून बैल घ्यायला आलेल्या एकाने मला अडवलं.

"ताई, ह्याच्यात आमाला काय मिळनार?"

"काहीच न्हाई."

"मग आमचा अंगठा माघारी द्या!"

अंगठे माघारी द्यायला ते होते कुठे? काशिनाथने पाऊणशे पत्रकं वाटून संपवली होती. उरलेल्या पावणेतीनशेंवर लोकांच्या सह्या-अंगठे घेतले होते, कारण खाली तशी रेघच होती! आणि गुरुजींचं काम आहे असं कळल्यावर तो गठ्ठा बगलेत मारून तो दुपारच्या एसटीने परभणीला गेला होता.

घरी आले तर अण्णा दारात उभे. (बसणार कसे?) त्यांच्या हातात एक अर्ज.

"चौथीच्या पोरानं आनून दिला," ते इतक्या हळू म्हणाले, की मला छडी बरी वाटली असती. "म्हनला, गुरुजी, यात 'मूळव्याध' शब्द बरोबर लिवलाय का बघा."

"बरोबर हाय का?" मी विचारलं. (माणूस घाबरला की काहीही बोलतो!)

अण्णांनी अर्ज माझ्या हातात कोंबला. घरात गेले आणि पालथे झोपले. मायने मात्र अर्ज माझ्याकडून वाचून घेतला. अवलंबून असण्याचा रकाना तिने पुन्हा वाचायला लावला.

"एवढं एक खरं लिवलंस," ती म्हणाली. "हे चौकटीत बसवून दे मला."

दिवे लागायच्या वेळी काशिनाथ आला. शाईने माखलेला आणि विजयी.

"गुरुजी! दाखल केलं सगळं! ऑफिसात म्हनले, आज शेवटची तारीख, पोचपावती आनलीया!"

अण्णा ताडकन उठले. "तीन प्रती दिल्यास का?"

"तीन? पावनेतीनशे दिल्या!"

"आन त्याच्यावर माझी सही?"

"तुमची कशाला, गुरुजी? जनतेची हाय की!"

अण्णा पुन्हा पालथे झाले.

आठ दिवसांनी गावात सरकारी जीप आली. ऑफिसात पावणेतीनशे अर्ज गेलेले, सगळ्यांवर एकच आजार आणि प्रत्येकावर वेगळी सही. कुणीतरी वर कळवलं, की ताडकळसला साथ आलीय! दोन डॉक्टर, एक कंपाउंडर आणि हातमोज्यांचं खोकं शाळेत उतरलं. सह्या केलेल्यांना नाव पुकारून रांगेत उभं करण्यात आलं. रांगेत तालमीचा पैलवान होता, सरपंच होते आणि मिरचीवाला दोनदा पळून जाऊन तिसऱ्यांदा सापडला होता.

"कधीपासून त्रास आहे?" डॉक्टरांनी पैलवानाला विचारलं.

"सायब, मला काय बी न्हाई! मी फकस्त पाठिंबा दिलाय!"

"इथे पाठिंबा तपासत नाहीत. वाका."

पैलवान, ज्याची पाठ आजवर कुणी मातीला लावली नव्हती, ढसाढसा रडला.

शेवटी डॉक्टर वैतागले. "अरे, मग खरा पेशंट आहे तरी कोण?"

इतक्या लोकांना ठाऊक होतं, पण गुरुजींकडे बोट दाखवायची एकाचीही हिंमत होईना. मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णाच वर्गातून बाहेर आले. ताठ चालत टेबलापुढे उभे राहिले.

"मी. ऑपरेशन झालंय. कागद हायेत. ह्यांना सोडा, ह्यांनी न वाचता सही केलीय." आणि मग रांगेकडे वळून, वर्गातल्या आवाजात, "न वाचता सही करायला कुनी शिकवलं रे तुमाला?"

सरपंचांसकट सगळ्या रांगेने माना खाली घातल्या. कुणीही हसलं नाही. डॉक्टरांनी जखम पाहिली, तिथेच बसून दाखला लिहिला. अर्ज शेवटच्या तारखेलाच पोचला होता, फक्त नाव आणि सही राहिली होती, एवढं ते ऑफिसला सांगणार होते. अण्णांनी स्वतःच्या हाताने तीन नव्या प्रती लिहिल्या. मी मदतीला पुढे झाले, तर त्यांनी दौत उचलून फळीवर ठेवली. महिन्याभरात खर्च परत आला.

पण खरी गर्दी त्यानंतर सुरू झाली. सकाळी सकाळी एकेक जण आमच्या दारात यायचा, इकडेतिकडे बघायचा आणि अण्णांच्या कानाशी लागायचा. "गुरुजी, ते ऑपरेशन... परभनीत नेमकं कुठं केलं?" पहिला आला तो मिरचीवाला. दुसरे सरपंच.

त्यानंतर मी पुष्कळ पत्रकं लिहिली. त्यांतल्या एकानेही सरकारची जीप हलली नाही. व्यवस्था बदलायची अजून बाकी आहे, लेखणी तयार आहे. पण ताडकळसला कुणालाही बसताना जरा त्रास झाला, की पहिल्यांदा माझंच नाव घेतात!