धरलेली जागा

सिद्राम कांबळे फुटबॉलचा वर्ल्ड कप बघायला कतारला जाऊन आले, याचं जुळे सोलापूर भागात कौतुक झालं. त्यांना स्वतःला फुटबॉलचं काही नव्हतं. मुलाशेजारी दोन तास बसायला मिळेल, एवढ्यासाठी ते विमानात चढले होते. दोह्यात नोकरीला असलेला सुमित वर्षातून आठवडाभर घरी यायचा आणि तेव्हाही मोबाइलशेजारी बसायचा. बायको भीमाबाई गेल्यापासून सिद्रामच्या शेजारी असं कोणी बसलं नव्हतं.

दोह्यात स्टेडियमच्या गेटपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे सुमितच्या कंपनीचा फोन आला. कुठल्याशा हॉटेलचा एसी बंद पडला होता.

"पप्पा, तुमी आत बसा. मी आलोच."

सिद्राम तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. चहाला उतरलेल्या पॅसेंजरचं 'आलोच' किती लांबू शकतं, हे त्यांना माहीत होतं. तरी ते म्हणाले, "ये की. मी जागा धरतो."

आत गेल्या गेल्या त्यांनी खांद्यावरचा सोलापुरी टॉवेल शेजारच्या खुर्चीवर टाकला. मोहोळची गाडी असो, सांगोल्याची असो, खिडकीतून सीटवर टाकलेल्या रुमालाला ते जन्मभर माणूस मानत आले होते. महामंडळाच्या नियमात तसं काही नव्हतं. पण नियमावर गाडी चालवली असती तर ती स्टँडातून हललीच नसती.

गालाला तांबडा रंग फासलेला एक धिप्पाड गडी आला आणि खुर्चीकडे बोट करू लागला.

"मानूस हाय तितं," सिद्राम म्हणाले.

गड्याने वाकून खुर्चीखालीही पाहिलं. मग हसून निघून गेला.

बंदोबस्ताचा नेपाळी पोरगा जवळ आला. "चाचा, टॉवेल क्यों? सीट पे नंबर है."

"नंबर है, लेकिन आदमी आनेवाला है, ये किसको मालूम?"

पोराला हे पटलं असावं. जाता येता तोही टॉवेलकडे बघू लागला.

गोल झाला. सगळी गॅलरी उठली, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. सिद्रामही उठले, पण वाकूनच. एक हात टॉवेलवर होता. मध्यंतरात त्यांनी घरून आणलेली शेंगाचटणी-भाकरीची पुरचुंडी सोडली नाही, कारण सुमितलाही लागेल. मग दुसरा गोल झाला. तो कुणी केला हे त्यांना कळलं नाही. ते जिन्याकडे बघत होते.

माणसं पांगल्यावर फोन वाजला. "पप्पा, गेटवर हाय. आता आत सोडंनात. लई भारी झाली म्हनं मॅच?"

"लई भारी," सिद्राम म्हणाले आणि त्यांनी टॉवेल झटकून त्याची घडी घातली.

सोलापुरात शेजारच्या प्रदीपने विचारलं, "काका, सुमितसंगं बघितली का मॅच?"

"व्हय. माझ्या शेजारीच जागा धरलेली होती की त्याची."

एस.टी.च्या हिशेबाने यात खोटं काही नव्हतं.

फायनल बघायला प्रदीप त्यांच्याकडेच आला. सोफ्यावर सिद्राम होते आणि शेजारी टॉवेल होता. प्रदीपने क्षणभर वाट पाहिली. मग काही न विचारता तो कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसला.