खालून मोकळं जाळं

रत्नागिरीच्या बंदरावर जाळी विणणारे ते गृहस्थ बोलताना कधी मान वर करत नाहीत. बोटं चालू असतात, दोऱ्याचं टोक दातांत असतं, आणि गाठ बसल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

आमच्याकडची फुटबॉल स्पर्धा दोनच वर्षं चालली. गोलची जाळी त्यांनीच विणली होती. पाण्यात सोडायच्या जाळ्याला लावतात तसं त्यांनी सवयीने खाली शिसं लावलं आणि कड मोकळी ठेवली. अंतिम सामन्यात चेंडू जाळ्यात शिरला आणि खालून निसटून मागे गेला. शाळेतला मास्तर म्हणून रेफरी मीच होतो. मला तो खांबाबाहेरून गेल्यासारखा वाटला, म्हणून गोल दिला नाही. भांडण पेटलं आणि स्पर्धा बुडाली.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. "चूक माझ्या जाळ्याची," एवढंच म्हणायचे. मला तेच जास्त लागायचं.

परवा त्यांच्या मांडीवर नवं पांढरं जाळं दिसलं. यंदा मुलींच्या संघांनी स्पर्धा पुन्हा भरवायचं ठरवलंय. शेजारी लोखंडी खुंट्यांचा ढीग होता.

"ह्या वेळी कडा जमिनीत ठोकनार," ते म्हणाले. गाठ आवळली, आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"मास्तर, शिट्टी जपून ठेवलीय ना?"