कॅसेटवरचं हसणं

काल कळंबोलीत टपरीवर चहा घेत होतो, तर शेजारी उभ्या ट्रकमधून माझंच हसणं ऐकू आलं. तरुणपणीचं, बायकी आवाजातलं.

नामदेव आणि मी लोखंड बाजारात हमाली करायचो आणि सुट्टीला जोडीनं गमतीची गाणी म्हणायचो. तो नवरा, मी बायको. पहिल्या कॅसेटच्या रेकॉर्डिंगला आवाज नको म्हणून पंखा बंद होता. आवाज घुमू नये म्हणून स्टुडिओच्या भिंतींना लावलेल्या काथ्याचा कुबट वास, आम्ही घामानं चिंब. टेप फिरायला लागली. नामदेवनं गाण्यात विचारलं, “कुठं निघालीस गं नटून?” आणि माझं उत्तर डोक्यातून साफ उडालं. घाबरून मी बायकी आवाजात हसतच सुटलो. नामदेव म्हणाला, “हसतीया म्हंजे म्हायेरी निघाली बया!”

ते हसणंच गाजलं. पुढच्या कॅसेटवर माझा फोटो मोठा आला, नामदेवचा कोपऱ्यात. “काय हसणं बसवलंय!” लोक म्हणायचे आणि मी मान डोलवायचो. खरं काय ते नामदेवलाही कधी सांगितलं नाही. सलत मात्र राहिलं.

काल टपरीवरूनच त्याला साताऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

“येड्या, मला तवाच कळलं हुतं,” नामदेव म्हणाला. “पर माझी पुढची ओळ मलाबी आठवंना. तू हसत बसलास, तेवढ्यात मी नवी जुळवली.”

“आणि फोटोचं?”

“त्याचा राग हाय अजून!” असं म्हणून तो बायकी आवाजात इतका मोठ्यानं हसला, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.